धातु तोच, अर्थ निराळा

राहात्याहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचा नातू नववींत शिकतो. शिकवणींतून त्याला इंग्रजी क्रियापदांची एक लांबलचक यादी मिळाली असून तींत 'गिव्ह अप', 'गिव्ह इन', 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' अशीं सुमारें दोनशें रूपें व त्यांपुढें त्यांचे अर्थ दिलेले आहेत. नातू रात्रीं तीं घोकतो, सकाळीं आजीला म्हणून दाखवितो, आणि तिसऱ्या दिवशीं एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटवून मोकळा होतो. "गिव्ह म्हणजे देणें आणि अप म्हणजे वर, इतकें मलाही कळतें, मग दोहोंचा मिळून सोडून देणें हा अर्थ कोठून आला? ह्याला कांहीं नियम आहे कीं नुसती घोकंपट्टीच?" असा त्या भगिनींचा प्रश्न आहे. प्रश्न मार्मिक आहे, आणि तो पुष्कळ घरांतून निघत असला पाहिजे. म्हणून ह्या मासीं त्याचाच विचार करूं.

आरंभींच सांगावयाचें तें हें कीं, ही अडचण मुलाच्या मंद बुद्धीची नव्हे. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन ह्यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापिला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं, क्रियापदापुढें एखादें लहानसें अव्यय जोडून अर्थ पालटण्याची जी चाल इंग्रजींत आहे, तिच्यापासून परकीयांस सर्वांत अधिक त्रास होतो. ह्या प्रकाराला 'फ्रेजल व्हर्ब' हें नांव मात्र फार उशिरां मिळालें. लोगन पियरसॉल स्मिथ ह्यांनीं १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत तें योजिलें व तें कोशकार हेन्री ब्रॅडली ह्यांनीं सुचविल्याचें नमूद केलें. आम्ही येथें त्यांस साव्यय क्रियापदें म्हणूं. नांव नवें असलें तरी वस्तु आपल्या घरांतलीच आहे, हेंच ह्या लेखांत दाखवावयाचें आहे.

हृ ह्या संस्कृत धातूचा मूळ अर्थ नेणें, हरण करणें. त्याला आ लावा, आहार झाला. वि लावा, विहार झाला. प्र लावा, प्रहार झाला. सम् लावा, संहार. परि लावा, परिहार. उप लावा, उपहार. एका 'हार'पासून जेवण, फिरणें, तडाखा, नाश, निरसन आणि भेटवस्तु, इतक्या निरनिराळ्या गोष्टी निघाल्या! हे शब्द आपण नित्य बोलतों. पण प्रहार म्हणतांना 'प्र म्हणजे पुढें आणि हार म्हणजे नेणें' असा हिशेब कोणी मांडीत बसत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत प्रवरा ज्या ठिकाणीं गोदावरीस मिळते, त्या गांवाचें नांवच प्रवरासंगम आहे. तेथें स्नानास जाणाऱ्याला गम् धातु आणि सम् उपसर्ग ह्यांची गांठ सोडवावी लागत नाहीं. दोन नद्या एकत्र आलेल्या डोळ्यांस दिसतात, तेवढ्यानें अर्थ कळतो. जुने वैयाकरण सांगत आले आहेत कीं, उपसर्ग हा धातूच्या अर्थाला जबरीनें ओढून भलतीकडे नेतो. इंग्रजींतलें तें लहानसें अव्यय हेंच काम करतें. उपसर्ग धातूच्या आधीं बसतो आणि इंग्रजी अव्यय मागून येतें, एवढाच काय तो फरक.

आणि हा फरकही वाटतो तितका मोठा नाहीं. वेदांमध्यें उपसर्ग धातूपासून सुटा फिरतो. दोहोंच्या मध्यें दुसरे शब्द येतात, आणि क्वचित् तो धातूच्या नंतरही येतो. पाणिनीनें 'उपसर्ग धातूपूर्वीं योजावे' असा नियम सांगून लगेच पुढच्या दोन सूत्रांनीं वेदांपुरती ही मोकळीक दिली आहे. उलट इंग्रजींतही 'अंडरस्टँड', 'ओव्हरकम', 'विथस्टँड' अशा जुन्या क्रियापदांत अव्यय आधींच बसलेलें आढळतें. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचें मूळ एक असावें असें प्रतिपादन केलें, आणि इंग्रजी ज्या कुळांतली तें कूळही त्याच गोत्रांत बसविलें. ह्या नात्याची खूण आजच्या विषयांतच सांपडते. इंग्रजीचें 'ऑफ' आणि आपला अप हे मूळचे एक; इंग्रजीचें 'अप' आणि आपला उप हे एक; 'आउट' आणि उद् एक; 'ओव्हर' आणि उपरि एक. म्हणून 'कॅरी ऑफ' म्हणजे अगदीं अक्षरशः अपहरण. कानाला सारखे लागणारे दोन 'अप' मात्र एकच समजूं नयेत. तेथें फसगत होते.

संस्कृत बाजूला ठेवून आपली रोजची मराठी पाहिली तरी हाच प्रकार दिसतो. एखाद्या परकीयानें मन आणि घेणें हे दोन शब्द पाठ केले आहेत असें समजूं. 'त्यानें अभ्यास मनावर घेतला' आणि 'त्यानें तें बोलणें मनाला लावून घेतलें' ह्यांतला भेद तो कसा ओळखील? तीच गोष्ट अंग आणि येणें ह्यांची. बैल अंगावर येतो, भगताच्या अंगांत येतें, आणि न विचारतां केलेला व्यवहार अंगाशीं येतो. शब्द दोनच, मधला प्रत्यय बदलला कीं जग बदलतें. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं नगरास ठाणें केलें, आणि १८४२ पासून तेथून 'ज्ञानोदय' निघूं लागला. त्या मंडळींस मराठी शिकतांना ह्याच वाटेनें जावें लागलें असणार. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी कोशाची पहिली आवृत्तिही १८३१ चीच. त्यांत एकेका शब्दाखालीं अशा वाक्प्रचारांच्या रांगाच्या रांगा दिल्या आहेत त्या उगाच नव्हेत. तेव्हां आपला मुलगा 'गिव्ह इन'पाशीं अडला तर त्यानें लाजूं नये. त्याच्या भाषेच्या दारांत गोरे पंडितही असेच अडले होते.

आतां नियमाकडे वळूं. यास्काच्या निरुक्तांत एक वाद नोंदलेला आहे. शाकटायन म्हणतो, उपसर्गाला सुटेपणीं अर्थ नसतो; तो धातूबरोबरच कांहीं सुचवितो. गार्ग्य म्हणतो, उपसर्गांना स्वतःचे नानाविध अर्थ असतात. नातवाच्या यादींत हाच वाद दडलेला आहे, आणि तेथें दोघेही आपापल्या जागीं खरे ठरतात. कांहीं साव्यय क्रियापदें गार्ग्याचीं आहेत. त्यांत अव्ययाचा अर्थ ओळखतां येतो. कांहीं शाकटायनाचीं आहेत. तीं अखंडच घ्यावीं लागतात. पहिलीं समजून घ्यावयाचीं, दुसरीं पाठ करावयाचीं. सारींच घोकणें हा शक्तीचा अपव्यय होय.

गार्ग्याचीं प्रथम घेऊं. 'अप' ह्याचा एक मोठा अर्थ पूर्णता हा आहे. 'ईट अप', 'यूज अप', 'टेअर अप' म्हणजे खाऊन टाकणें, वापरून टाकणें, फाडून टाकणें. आपण 'काम करून टाक' म्हणतों तेव्हां तें काम कोणी फेंकून देत नाहीं. तसेंच ह्या 'अप'मध्यें वर जाणें उरलेलें नाहीं. 'ऑन' म्हणजे पुढें चालू ठेवणें: 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'कीप ऑन'. 'डाउन' म्हणजे खालीं. म्हणून ओसरणें, बंद पडणें, आणि कागदावर येणें. 'राइट डाउन' ह्याला आपण उतरवून घेणें म्हणतों. खालीं येण्याची कल्पना दोन्हीं भाषांत तीच. 'आउट' म्हणजे बाहेर. म्हणून 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणें, आणि साठा बाहेर पडून गेला कीं 'रन आउट', म्हणजे संपणें. 'ऑफ' म्हणजे दूर: 'पुट ऑफ' म्हणजे पुढें ढकलणें, 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेलें रद्द करणें, 'सी ऑफ' म्हणजे निघालेल्या माणसाला पोंचवावयास जाणें. हीं पांच अव्ययें ज्याला कळलीं त्याच्या यादीचा बराच भार हलका झाला.

शाकटायनाचीं तशीं नाहींत. 'ब्रिंग अप' म्हणजे मुलांना लहानाचें मोठें करणें. 'टेक आफ्टर' म्हणजे वळणावर जाणें; मुलगा आजोबांच्या वळणावर गेला, असें आपण म्हणतों तें. 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें, चालवून घेणें. 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन' ही जोडी तर नित्य घोटाळा करते. ती आमच्या जिल्ह्यांतल्याच इतिहासावरून लक्षांत ठेवावी. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी नगरच्या किल्ल्यांत बंदिवान झाले. पंडित नेहरूंनीं १९४४ सालीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला तो त्याच किल्ल्यांत. त्या पुढाऱ्यांविषयीं इंग्रजींत असें म्हणतां येईल: 'दे गेव्ह अप देअर कम्फर्ट्स, बट दे डिड नॉट गिव्ह इन.' सुखें सोडलीं, पण नमले नाहींत. 'अप'नें सोडणें झालें, 'इन'नें शरण जाणें झालें. असें एक वाक्य मनांत बसलें म्हणजे ती जोडी पुन्हां चुकत नाहीं.

ह्यापुढचा प्रश्न शब्दांच्या क्रमाचा आहे, आणि परीक्षेंत मुलें चुकतात तीं येथेंच. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतें, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतें. पण नामाच्या जागीं सर्वनाम आलें तर तें मध्येंच बसलें पाहिजे: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' हें अशुद्ध. उलट 'लुक आफ्टर हिम' असेंच म्हणावें. 'लुक हिम आफ्टर' कदापि म्हणूं नये. हें असें कां? पाणिनीनें उपसर्ग व कर्मप्रवचनीय असा जो भेद केला आहे तोच येथें उपयोगी पडतो. जें अव्यय क्रियेशीं जोडलेलें असतें तें उपसर्गासारखें. जें पुढील नामाला धरून असतें तें कर्मप्रवचनीयासारखें. 'पुट ऑफ'मधलें 'ऑफ' क्रियेचें, 'लुक आफ्टर'मधलें 'आफ्टर' नामाचें. नगरजवळ लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात, तो दुसऱ्या सलाबतखानाचा मकबरा एका टेंकडीवर उभा आहे. ती टेंकडी एखादा धांवत चढला तर 'ही रॅन अप अ हिल'. येथें 'अप' टेंकडीचें. त्याच माणसानें वाण्याकडे उधारी वाढवून ठेविली तर 'ही रॅन अप अ बिल'. येथें 'अप' क्रियेचें, म्हणून 'ही रॅन द बिल अप' असेंही म्हणतां येतें. टेंकडीच्या बाबतींत तसा फिरवाफिरव करतां येत नाहीं.

हें सारें नुसतें परीक्षेपुरतें आहे असें कोणी समजूं नये. आमच्या माहितीचा पारनेर तालुक्यांतला एक मुलगा, मराठी शाळेंतून शिकून विज्ञानाचा पदवीधर झालेला. पुण्याच्या एका कारखान्यांतून त्याला दूरध्वनि आला कीं, 'वुई आर पुटिंग ऑफ युवर इंटरव्ह्यू. वुई विल लेट यू नो.' 'पुट' म्हणजे ठेवणें आणि 'ऑफ' म्हणजे दिवा बंद करणें, एवढेंच त्याला ठाऊक. आपलें नांव काढून टाकलें असें तो समजला. घरच्यांनींही सुस्कारा टाकला. नव्या तारखेची सूचना टपालानें न येतां संगणकावर आली. ती त्यानें उघडली तेव्हां मुलाखत होऊन चार दिवस लोटले होते. ह्या मुलाला 'पोस्टपोन' हा शब्द चांगला येत होता. तोच तेवढा समोरच्यानें वापरला नाहीं.

ह्या प्रसंगांत एक मोठी गोष्ट आहे. इंग्रजींत दोन थर आहेत. एक लॅटिन-फ्रेंचांतून आलेला भारदस्त थर: 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश', 'रिजेक्ट'. दुसरा घरगुती थर: 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'पुट आउट', 'टर्न डाउन'. आपल्याकडेही स्थगित करणें आणि पुढें ढकलणें, सहन करणें आणि चालवून घेणें, असे दोन थर आहेतच. आपल्या मुलांची इंग्रजीशीं ओळख पुस्तकांतून व अर्जांतून होते, म्हणून पहिला थर त्यांना सांपडतो. दुसरा थर तोंडीं व्यवहारांतला, तो कानावर पडतच नाहीं. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवितात, तरी ही उणीव राहिलीच आहे. मुलगा मग समजतो कीं, आपणांस इंग्रजी येतच नाहीं. खरें पाहतां त्याला कठीण शब्द येतात, सोपे तेवढे राहिले आहेत. हें त्याला कोणीतरी सांगितलें पाहिजे; नाहीं तर तो चारचौघांत तोंडच उघडीत नाहीं. लिहितांना मात्र विवेक ठेवावा. अर्जांत 'पोस्टपोन' शोभतें, बोलण्यांत 'पुट ऑफ'. सूतकाच्या पत्रांत 'टपकला' लिहीत नाहींत, तसेंच हें.

मौज अशी कीं, हीं क्रियापदें नामें होऊन आपल्या बोलण्यांत केव्हांच येऊन बसलीं आहेत. नेप्तीच्या बाजारांत कांद्याच्या गोण्या नेते ती 'पिकअप', पोलिसांची 'लॉकअप', डॉक्टरांकडचें 'चेकअप', वाटेंत मोटार बंद पडली तें 'ब्रेकडाउन', क्रिकेटमधला 'रनआउट', आणि २०२० सालीं साऱ्यांनीं भोगलेला 'लॉकडाउन'. इंग्रजींत क्रियापद असतांना हे दोन शब्द सुटे लिहितात, नाम झाल्यावर बहुधा जोडून. एकाविषयीं मात्र सावध असावें. नगरास सैन्याच्या चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र आहे. सैन्यांत शिक्षण पुरें झालेले तरुण जें संचलन करितात त्याला 'पासिंग आउट परेड' म्हणतात, आणि तेथें तो शब्द बिनचूक आहे. पण आपला पदवीधर परदेशांत जाऊन 'आय पास्ड आउट इन २०१९' असें म्हणाला, तर ऐकणाऱ्याला वाटतें कीं हा त्या वर्षीं मूर्च्छा येऊन पडला होता! तेथें 'ग्रॅज्युएटेड' म्हणावें. तसेंच 'डिस्कस अबाउट', 'कोप अप विथ', 'रिटर्न बॅक' ह्यांतलीं 'अबाउट', 'अप' व 'बॅक' हीं अव्ययें आपल्या पदरचीं आहेत. इंग्रजांना तीं नकोत.

आतां राहात्याच्या भगिनींस आमची सूचना. ती यादी कपाटांत ठेवावी. नातवास एक वही करून द्यावी व तींत क्रियापदाला नव्हे, तर अव्ययाला एकेक पान द्यावें: 'अप'चें पान, 'ऑफ'चें पान, 'आउट'चें पान. रोज एकच रूप लिहावें. त्यापुढें सुटा अर्थ न लिहितां आपल्या घरांतलें एक वाक्य लिहावें. 'पुट अप विथ' लिहितांना शेजारच्या लग्नाचा ध्वनिक्षेपक आठवावा, 'ब्रिंग अप' लिहितांना आजीनें वाढविलेल्या नातवंडांची नांवें घालावीं. मग त्या वाक्याचें मराठी करावें, आणि तें मराठी नीट उतरलें कीं नाहीं हें घरांतल्या वडील माणसांनीं तपासावें. ज्या आजीला इंग्रजीचें अक्षर येत नाहीं तिलाही हें काम उत्तम साधेल. 'नातवानें तंबाखू वर दिली' हें मराठी नव्हे, इतकें ती तत्काळ सांगेल, आणि मुलाची चूक तेथेंच सांपडेल. आपली भाषा ज्याला मुरलेली आहे, त्याला परभाषेची निम्मी वाट आधींच सरलेली असते.

घरांतल्या मुलांसाठीं पुढें सहा वाक्यें देतों. त्यांचें इंग्रजी करतांना प्रत्येकांत एक साव्यय क्रियापद योजावें. शब्दास शब्द ठेवूं नये.

१. आजोबांनीं तंबाखू सोडली.
२. धाकटी अगदीं आईच्या वळणावर गेली आहे.
३. पावसामुळें मुंज आठ दिवस पुढें ढकलली.
४. घरांतलें गोडें तेल संपलें.
५. मामांना स्थानकापर्यंत पोंचवून आलों.
६. निजण्यापूर्वीं दिवा मालव.

सहाव्या वाक्यांत दिवा समईचा असेल तर एक क्रियापद लागेल आणि विजेचा असेल तर दुसरें, दोन्हीं शोधावीं. उत्तरें पुढील अंकीं देऊं. ज्या मुलांचीं उत्तरें आमच्याहून सरस असतील, त्यांनीं तीं अवश्य कळवावीं.